बाल्कनीतला पाइप आणि साडेआठचा कॉल

प्रश्न : मी ४४ वर्षांचा. घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ राहतो, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. सिगारेट २०१९ मध्ये सोडली. त्याआधी पंधरा वर्षं रोज आठ-दहा असायच्या. दोन वर्षांपूर्वी मेहुण्यानं दुबईहून सिगारचा बॉक्स आणला. शनिवारी जेवण झालं की बाल्कनीत एक सिगार, समोर येऊरचे डोंगर, आठवड्याचा शीण उतरायचा. मग पाइपची गोडी लागली. ब्रायर लाकडाचे दोन पाइप घेतले. ते भरणं, साफ करणं, पॉलिश करून चकचकीत करणं यात माझा जीव रमतो. धूर छातीत घेत नाही. हल्ली आठवड्यातून पाच-सहा वेळा होतो. घरून काम असलं तर सकाळी साडेआठच्या कॉलआधीही एकदा. बायको शिक्षिका आहे, सातला निघते, तिला सकाळचं माहीत नाही. रात्रीचं माहीत आहे आणि त्यावरून कुरबुर चालू आहे. 'सिगारेट सोडली होतीस ना?' एवढंच ती म्हणते. मुलगी नऊ वर्षांची आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर धुराची तक्रार टाकली. त्यात यंदाच्या पावसाळ्यात सिगारवर कापसासारखे ठिपके उठून पांढरी बुरशी आली, दोन सिगारना बारीक भोकं पडली, आणि दोन्ही पाइप कडवट लागतात, ओढताना आत गुडगुड वाजतं. सिगार कसे टिकवू? पाइपचं काय चुकतंय? आणि हा एक साधा, मन शांत करणारा छंद आहे हे घरी कसं पटवून देऊ?
– बाल्कनीवाला, ठाणे

उत्तर :

बाल्कनीवाले,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठाण्याच्या हवेत आहे आणि दुसऱ्याचं तुमच्या वेळापत्रकात. तिसरा मुद्दाम मागे ठेवतो. दुसऱ्याचं उत्तर वाचून झाल्यावर तो तुम्हाला याच शब्दांत विचारावासा वाटेल का, याची मला शंका आहे.

आधी सिगार. सिगार सांभाळण्याचे जे नियम आपल्याकडे येतात ते बहुतेक थंड देशांतले. तिथे हिवाळ्यात घरात हीटर चालतो, हवा कोरडी पडते, सिगार वाळून त्याचं वरचं पान तडकतं. म्हणून त्यांचा ह्युमिडॉर ही मुळात ओलावा पुरवणारी पेटी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळं उलट. सिगारला हवी साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता, आणि कासारवडवलीची पावसाळी हवा ८०-९० च्या घरात. त्या लाकडी पेटीचं झाकण कितीही नेटकं बसलं तरी पूर्ण हवाबंद नसतं. त्यात तुम्ही माहितीपत्रकाप्रमाणे आतला स्पंज पाण्यानं भिजवून ठेवला असणार. मग बुरशी येईल नाही तर काय होईल?

पावसाळ्यापुरती ती देखणी पेटी रिकामी करा. रबरी कडेचा, चारी बाजूंनी क्लिप लागणारा साधा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात ६५ टक्क्यांचं दुहेरी काम करणारं आर्द्रता-पाकीट टाका. ते जास्तीचा ओलावा शोषतं आणि कमी पडला तर सोडतं. सोबत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते चिखलासारखं दिसेल इतपत दोन-चार थेंब पाणी घाला, आणि मापकासोबत हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवून द्या. आकडा ७५ यायला हवा. कमी-जास्त आला तर तेवढा फरक लक्षात ठेवा. हे मीठ जगात कुठेही ७५ च दाखवतं.

बुरशीबद्दल दुकानदार एक गोड गोष्ट सांगतात : पांढरी भुकटी म्हणजे सिगारमधली तेलं वर आली, माल मुरल्याची खूण. तुमच्या वर्णनात कापसासारखे उठून आलेले ठिपके आहेत. ती बुरशी. जे सिगार पेटवायच्या टोकाकडून आतपर्यंत बुरसलेत ते टाकून द्या. बाकीच्यांची कीव येत असेल तर समजू शकतो, पण माझं मत विचाराल तर तेही टाका.

भोकं हा वेगळा मामला आहे. तंबाखूचा किडा, दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी. शास्त्रीय नाव लासिओडर्मा सेरिकॉर्ने. त्याची अंडी पानातच असतात आणि तापमान २४-२५ अंशांच्या वर टिकलं की फुटायला लागतात. ठाण्यात ते वर्षभर टिकतं. भोकं पडलेले सिगार फेका. उरलेले दोन पिशव्यांत बंद करून एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि त्यानंतरच बाहेर काढा. घाईनं थेट बाहेर काढलंत तर पान फुटतं. कायमचे मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथली हवा कोरडी, शिवाय तंबाखू वास पटकन धरते, आणि सुक्या बोंबलाच्या वासाचा सिगार कुणालाच नको असतो. आणखी एक. हाच किडा हळद, धणे, लाल मिरची यांतही राहतो. सिगारचा डबा ज्या कपाटात होता त्याच्या आसपास मसाल्यांची साठवण असेल तर आजच बघून घ्या. बायकोची दुसरी तक्रार तिथून यायला नको.

मेहुणा पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याला सांगा, परदेशातून येताना करमुक्त आणता येतात ते २५ सिगार किंवा १०० सिगारेटी किंवा १२५ ग्रॅम तंबाखू. तिन्हीपैकी एक, तिन्ही नव्हे. इथे घ्याल तर पाकिटावर चित्रासकट मोठा आरोग्य-इशारा आहे का ते पाहा. पुढच्या-मागच्या बाजूंचा ८५ टक्के भाग त्यानं व्यापायला हवा असा नियम २०१६ पासून आहे. इशारा नसलेला माल बहुधा चोरट्या वाटेनं आलेला असतो. कुठलं दुकान, कुठला ब्रँड, ते मी लिहिणार नाही. तंबाखूची जाहिरात कायद्यानं बंद आहे आणि मला ती करायचीही नाही.

आता पाइप. हा माझ्या आवडीचा विषय, म्हणून थोडा रेंगाळतो. मी पाइप ओढत नाही, पण जुने पाइप दुरुस्त करणाऱ्या एक-दोघांच्या संगतीत पुष्कळ वेळ घालवलाय. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी उगवणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी आलेली गाठ. ती खणून काढतात, तुकडे करून तासन्‌तास उकळतात, मग महिनोन्‌महिने सुकवतात. आग सोसणं आणि ओल शोषणं हे दोन गुण या लाकडात एकत्र आहेत. फ्रान्समधल्या सँ-क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे पाइप बनतात. त्याआधी मातीचे होते, आणि तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरजवळ खणून काढलेल्या मीरशम या मऊ पांढऱ्या खनिजाचे होते.

ब्रायर ओल शोषतं, हे लक्षात ठेवा. तुमच्या गुडगुडीचं मूळ तिथेच आहे.

तंबाखू जळताना पाण्याची वाफ होते. काही वाफ नळीत थंड होऊन साचते, काही लाकडात मुरते. म्हणून पाइपवाल्यांचा जुना नियम : एकदा ओढला की आतली राख काढायची, नळीतून तारेचा ब्रश फिरवायचा, पाइप गरम असताना नळी पिळायची नाही, आणि मग त्याला निदान एक पूर्ण दिवस, जमल्यास दोन-तीन दिवस सुट्टी द्यायची. पावसाळ्यात त्याहून जास्त, कारण लाकडातली ओल बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी लागते. तुम्ही तंबाखूला दोष देत असाल तर तिचाही थोडा वाटा आहे. पावसाळ्यात ती पाकिटातून काढून कागदावर पसरा, टेबल-लॅम्पखाली वीस मिनिटं राहू द्या. भरताना पहिली चिमूट लहान मुलाच्या हातानं, दुसरी बाईच्या हातानं, तिसरी पुरुषाच्या हातानं दाबायची, असं जुने लोक सांगत. सगळी एकदम ठासली की ओढ लागत नाही, माणूस जोरजोरात ओढतो, वाफ वाढते, जीभ भाजते. दोनदा पेटवायचा, पहिली काडी फक्त वरचा थर उचलण्यापुरती. विझला तर विझू द्यायचा. पाइप हा विझत-पेटवतच चालतो.

हे सगळं केलंत तरी तुमचे पाइप कडवटच राहणार आहेत. तुमच्याकडे पाइप दोन. ओढणं आठवड्यातून पाच-सहा वेळा, आणि घरून काम असलं की एकाच दिवसात दोनदा. हिशेब तुम्हीच करा. पावसाळ्यात कुठल्याही पाइपला पुरतं वाळायला वेळ मिळत नाही. कडवटपणा म्हणजे कालची ओल आणि कालचा डांबराचा थर, आज पुन्हा तापवलेला. पाइपच्या छंदातला माणूस हे ऐकून म्हणेल, 'मग आणखी चार पाइप घ्या.' सात पाइप, सात वार, असा संच ठेवणारे लोक आहेत. मी तुम्हाला तसं सांगणार नाही. छंदाचा स्वतःचाच एक नियम आहे, अंतर ठेवण्याचा. तुमच्या हातून मोडला गेला तो नेमका तोच, आणि ते पाइपनं तुमच्या आधी सांगितलं.

पत्र पुन्हा वाचा. शनिवारच्या सिगारवर तुम्ही डोंगरासकट लिहिलंय. पाइप साफ करण्यावर लिहिलंय. सकाळच्या पाइपवर फक्त अर्धं वाक्य आहे, तेही 'घरून काम असलं तर' असं सावरून, आणि लगेच पुढे 'तिला माहीत नाही'. कॉल साडेआठचा, म्हणजे पाइप आठच्या सुमारास. तेव्हा तुम्ही डोंगर बघत नसता. घड्याळ बघत असता.

सिगारेट सोडायला मदत करणारे डॉक्टर अवलंबित्व मोजायला एक प्रश्नावली वापरतात, फागरस्ट्रॉम चाचणी नावाची. तिच्यातला पहिला प्रश्न असा : झोपेतून उठल्यावर किती वेळात पहिली पेटवता? किती आनंद मिळतो, किती महागाची ओढता, यातलं काही ती विचारत नाही.

'धूर छातीत घेत नाही' हे तुमचं वाक्य मी खरं मानतो, पण त्याचा आधार वाटतो तेवढा पक्का नाही. सिगारेटचा धूर थोडा आम्लधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडाच्या त्वचेतून फारसं जात नाही, म्हणून सिगारेटवाल्याला छाती भरावी लागते. सिगारचा आणि बऱ्याच पाइप-तंबाखूंचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातलं निकोटिन गालाच्या आतून, जिभेखालून थेट रक्तात उतरतं. धूर छातीत न ओढताही मेंदूला त्याचा हप्ता पोहोचतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते, हेही हिशेबात धरा. फुप्फुसांचा धोका सिगारेटवाल्यापेक्षा कमी असेल, पण तोंड, जीभ, घसा, अन्ननलिका इथल्या कर्करोगाचा धोका धूर छातीत घेतला नाही तरी वाढतोच. आणि तुमच्यासाठी खास मुद्दा : जे आधी सिगारेट ओढत होते ते सिगार-पाइपकडे वळले की नकळत धूर आत घेतात. छातीला पंधरा वर्षांची सवय आहे, ती विचारून घेत नाही. महिन्यातून एखादा सिगार आणि आठवड्यातून सहा पाइप यात धोक्याचा फरक मोठा आहे, हे मी नाकारत नाही. निर्धोक अशी मात्रा मात्र कुठलीच नाही.

तर माझा सल्ला. पाइप आजपासून बंद. कमी करणं वगैरे नाही, बंद. दोन्ही साफ करून कपाटात ठेवा आणि एक महिना काढा. सिगारही त्या महिन्यात नको. पहिल्या आठवड्यात चिडचिड झाली, झोप बिघडली, कॉलमध्ये लक्ष लागेना, सारखं काहीतरी तोंडात टाकावंसं वाटलं, तर हा छंद की व्यसन, याचं उत्तर मिळालं असं समजा आणि एकट्यानं झुंजत बसू नका. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे, समुपदेशक बोलतात. निकोटिनचा च्युइंगम, पॅच वगैरे लागतील का ते डॉक्टरांना विचारा. तुम्ही एकदा सिगारेट सोडलेली आहे. हे काम तुमच्या ओळखीचं आहे.

आणि महिना सहज गेला, काही आठवलंच नाही, तर? तर तुम्ही सज्ञान आहात. अधूनमधून एखादा सिगार, ठरवून, घराबाहेर. माझी पसंती त्यालाही नाही, पण त्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. पाइप मात्र परत काढू नका, निदान पेटवायला तरी. हाताशी असलेली, अर्ध्या तासात होणारी गोष्ट तुम्हाला आवरत नाही, हे तुमच्या बाबतीत सिद्ध झालंय. सिगारला तासभर लागतो. कॉलआधी तो बसत नाही, हाच त्याचा एक गुण.

घराबाहेर म्हणतो तेही धरून ठेवा. तुमची बाल्कनी येऊरकडे, म्हणजे साधारण पश्चिमेला. पावसाळी वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. चार महिने तुम्ही बाल्कनीत सोडलेला धूर सरकत्या दाराच्या फटीतून हॉलमध्ये जातो, आणि जो बाहेर राहतो तो इमारतीला घासत वर चढतो. काकूंचं नाक बरोबर आहे. स्वतःच्या बाल्कनीत ओढू नका असा कायदा माझ्या माहितीत नाही. २००८ पासून बंदी आहे ती सार्वजनिक जागी, आणि ३० किंवा जास्त आसनांच्या रेस्टॉरंटला स्वतंत्र धूम्रपान-कक्ष ठेवायची सवलत आहे. पण तुम्ही ग्रुपवर कायद्याचं कलम टाकलंत तर पुढची पाच वर्षं लिफ्टमध्ये मान खाली घालून उभं राहावं लागेल. वर जा, बेल वाजवा, 'काकू, तो मी होतो, आता होणार नाही' म्हणा. त्या चहा टाकतील. नऊ वर्षांची मुलगी हॉलमध्ये अभ्यास करते की झोपते, ते तुम्ही लिहिलं नाही. दोन्ही वेळी धूर पोहोचतो.

आता तिसरा प्रश्न. घरी पटवून कसं द्यायचं?

अकबराच्या दरबारात असद बेग नावाचा सरदार १६०४ च्या सुमारास विजापूरहून तंबाखू आणि जडावाची एक सुंदर नळी घेऊन आला. बादशहानं कौतुकानं दोन-चार झुरके घेतले. शेजारी उभा असलेला हकीम नको म्हणत राहिला, आणि असद बेग बाजू मांडत राहिला : नवीन असेल, पण युरोपातली शहाणी माणसं घेतात. जहांगीरानं पुढे १६१७ मध्ये बंदी घातली, तिचा उपयोग काय झाला ते पानाच्या टपरीवर दिसतंच. सांगायचं एवढंच की पटवून देणारी बाजू चारशे वर्षं तयार आहे. तुम्हाला हवे तेवढे मुद्दे मिळतील. पण तुमच्या बायकोनं वासाबद्दल, पैशाबद्दल, काकूंबद्दल काहीच म्हटलेलं नाही. ती २०१९ बद्दल विचारतेय. तुम्ही सिगारेट सोडलीत तेव्हा तुमच्या चिडचिडीचे ते महिने तिनंही काढलेत. तिला त्यात पुन्हा लोटताय का, एवढंच तिला जाणून घ्यायचंय. तिला पटवायला जाऊ नका. सकाळचा पाइप सांगा. आज संध्याकाळी, मुलगी खाली खेळायला गेली की. 'किती दिवसांपासून?' असं ती विचारेल, तेव्हा खरा आकडा सांगा. ती चिडेल. चिडू द्या. महिनाभराच्या प्रयोगाबद्दलही तेव्हाच बोला, म्हणजे पहिल्या आठवड्यातली तुमची तिरसट उत्तरं तिला समजतील.

राहिला तो हात रमण्याचा भाग. तो तुमच्या पत्रात मला सगळ्यात खरा वाटला, आणि त्यासाठी काही पेटवावं लागत नाही. जुने, वापरलेले ब्रायरचे पाइप परदेशात लोक फक्त दुरुस्तीसाठी घेतात. आतला काजळीचा थर रीमर नावाच्या हत्यारानं खरवडायचा, तोही पूर्ण नाही. नाण्याच्या जाडीएवढा ठेवायचा. एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची नळी उन्हात आणि हवेत हिरवट-पिवळी पडते. ती पाण्यात भिजवून बारीक, आणखी बारीक अशा पॉलिश-पेपरनं घासत पुन्हा काळीभोर करायची. दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. तुम्हाला तंबाखूच्या वासाशेजारी बसणं नको असेल (पहिला महिना तर नकोच), तर याच एबोनाइटचे जुने फाउंटन पेन घ्या. साहित्य तेच, घासकाम तेच, आणि शेवटी हातात येतं ते मुलीलाही देता येतं. येऊरकडे तोंड करून बसायला यातलं काहीच आड येत नाही.

साडेआठच्या कॉलआधीचा तो अर्धा तास मात्र रिकामा राहील. तिथे दुसरं काहीतरी ठरवून ठेवा, नाहीतर हात कपाटाकडे जाईल. सोसायटीच्या आवारात खाली दोन फेऱ्या मारा, किंवा बायको सातला निघते तेव्हा तिला गेटपर्यंत सोडायला जा आणि येताना दूध आणा. कॉल कसला असतो ते तुम्ही लिहिलं नाहीत. रोज त्याच्या आधी एवढं काही लागत असेल, तर त्याबद्दल वेगळं पत्र लिहा.

महिन्यानं कळवा. सकाळचं काय झालं ते आधी, सिगारच्या डब्यातला आकडा नंतर.